सोसायटीत फ्लूची साथ, मुलाला ताप, घरात शुगरवाल्या सासूबाई. टेस्ट करावीच लागते का?

सिंहगडरोडवाली:
आमच्याकडे गेल्या आठवड्यापासून घरटी एक जण खोकतोय. काल संध्याकाळी मुलगा (साडेचार वर्षं) शाळेतून आला तो तापूनच, १०२, घसा लालभडक आणि पाय दुखतात म्हणून रडारड. ग्रुपवर कमिटीने टाकलंय की ताप असेल त्याने स्वाइन फ्लूची टेस्ट करून रिपोर्ट दाखवावा, नाहीतर लिफ्ट वापरू नये 🙄 लॅबवाला साडेचार हजार सांगतोय. मेडिकलवाल्याने न विचारताच अँटिबायोटिक म्हणून अ‍ॅझिथ्रोमायसिन हातात दिलं. सासूबाई ७१ च्या, शुगर आहे, आणि नातू रात्री त्यांच्याच कुशीत झोपतो. मला त्यांचीच जास्त काळजी वाटतेय. काय करू?

पेठी_काका:
आम्ही २००९ चा स्वाइन फ्लू बघितलाय ताई. देशातला पहिला बळी पुण्यातच गेला होता, ऑगस्टमध्ये. शाळा, मॉल, थेटरं सगळं बंद, नायडू हॉस्पिटलला ही रांग, आणि रुमालात कापूर-वेलचीची पुरचुंडी घेऊन अख्खं गाव हुंगत फिरत होतं. टेस्ट कराच, आणि घरातल्या सगळ्यांनी टॅमीफ्लू (फ्लूच्या व्हायरसवरचं औषध) घेऊन टाका.

दवाखान्यातून:
काका, तेवढं नका सांगू. मी जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर आहे, इथून औषध लिहून देणार नाही पण नियम सांगतो. २००९ चा तो स्वाइन फ्लू, म्हणजे एच१एन१ व्हायरस, आता दरवर्षी येणाऱ्या साध्या फ्लूमधलाच एक झालाय, आपल्याकडे पावसाळ्यात आणि पुन्हा जानेवारी ते मार्चच्या सुमाराला डोकं वर काढतो. सरकारी गाइडलाइनमध्ये पेशंटच्या ए, बी, सी अशा कॅटेगरी आहेत. किरकोळ ताप-खोकला म्हणजे ए, त्याला टेस्ट पण नको आणि टॅमीफ्लू पण नको, घरी राहायचं आणि एक-दोन दिवसांनी परत दाखवायचं. टेस्ट लागते ती सी ला, म्हणजे धाप, छातीत दुखणं, गुंगी, थुंकीत रक्त, नखं निळी. लहान मुलात खाणंपिणं सोडणं, खूप चिडचिड. यातलं काही दिसलं की थेट हॉस्पिटल.
आता तुमचं. तुम्ही सासूबाईंची काळजी करताय पण पाच वर्षांखालचं मूलही हाय रिस्कमध्येच येतं! म्हणजे तो मधल्या बी कॅटेगरीत. अशांना रिपोर्टची वाट न बघता टॅमीफ्लू सुरू करतात, आणि ते पहिल्या ४८ तासांत सगळ्यात चांगलं लागू पडतं. काल संध्याकाळी ताप आला ना, मग आजच मुलांच्या डॉक्टरांकडे जा, डोस वजनावर ठरतो. अ‍ॅझिथ्रोमायसिन व्हायरसवर काही करत नाही, ठेवून द्या. अ‍ॅस्पिरिन मुलांना अजिबात नको.

जुळ्यांची_आई:
आमच्याकडे मागच्या वर्षी हेच. आजीची गादी वेगळ्या खोलीत, खिडकी उघडी, मुलं मास्क टिकवत नाहीत म्हणून मास्क आजीला, ताट-पेला वेगळा असं आठवडाभर चाललं. आजी उंबऱ्यात खुर्ची टाकून गोष्ट सांगायची आणि ही दोघं पलंगावरून हुंकार भरायची 😂 पॅरासिटामॉल न देता २४ तास ताप नसेल तेव्हाच शाळेत पाठवा, नाहीतर सगळ्या वर्गाला प्रसाद. खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो, घाबरू नका.

पेठी_काका:
बरं बाबा, टॅमीफ्लूचं मागे घेतो. लस आता घेऊन उपयोग आहे का?

दवाखान्यातून:
आहे, पण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात आणि दरवर्षी घ्यावी लागते. सासूबाईंनी घ्यावीच, ताप नसताना.

सिंहगडरोडवाली:
दुपारी जाऊन आले. टेस्ट न करताच डॉक्टरांनी औषध सुरू केलं. सासूबाईंना थोडं जरी अंग गरम वाटलं तरी लगेच फोन करा म्हणाले. त्या रुसून हॉलमध्ये झोपल्यात. लिफ्टचं काय करायचं ते सेक्रेटरीला विचारलंय, ब्लू टिक आलीय, उत्तर नाही.