मदत हवी आहे: ६५० अंशांवर प्लॅटिनमचा हीटर टिकत नाही

नमस्कार मंडळी. पुण्यात एम.टेक. करतोय. भट्टीच्या धुराड्यातला कार्बन मोनॉक्साइड मोजणारा, तांदळाच्या दाण्याएवढा सेन्सर बनवायचा घाट घातलाय. साधं सिलिकॉन तिथे उपयोगाचं नाही. बँड गॅप (इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला लागणारी ऊर्जा) १.१२ इलेक्ट्रॉन व्होल्ट, त्यामुळे दोनेकशे अंशांपुढे गळती करंट वाढतच जातो. सर म्हणाले सिलिकॉन कार्बाइड घे. वेफरची (त्याच्या पातळ चकतीची) किंमत ऐकून गप्प परत आलो.

म्हणून सध्या ॲल्युमिनावर (ॲल्युमिनियम ऑक्साइडचं सिरॅमिक) सेन्सर तापवायला २०० नॅनोमीटर प्लॅटिनमचा हीटर, खाली चिकटायला टायटॅनियम. ६५० अंशांवर दोन दिवस ठेवला की रोध चढत जातो. मायक्रोस्कोपखाली पाहिलं तर थराला भोकं पडून अक्षरशः चाळणी झालेली! टायटॅनियम तापल्यावर प्लॅटिनममध्ये शिरतं आणि तिथे त्याचं ऑक्साइड होतं, हे वाचलंय.

टायटॅनियमऐवजी टँटलम कोणी वापरलंय का? की प्लॅटिनमच जाड करून वर ॲल्युमिनाचं पांघरूण घालू? आणि बाहेरच्या विद्यार्थ्याला टँटलमचं स्पटरिंग (निर्वातात धातूचा पातळ थर चढवणं) पुण्यात कुठे करून मिळेल? पाषाणला सी-मेट (इलेक्ट्रॉनिक्सच्या साहित्यावर संशोधन करणारी सरकारी संस्था) किंवा एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) कुणी असं काम करून घेतलं असेल तर कुणाला भेटायचं, अर्ज कसा करायचा, तेवढं सांगा. पुढच्या महिन्यात प्रेझेंटेशन आहे आणि दाखवायला फक्त चाळणी आहे.