मदत हवी आहे: लाँग कोविडसाठी पुण्यात कुणाला दाखवावं?

नमस्कार मंडळी. माझ्या ताईला (वय ४१) २०२१ च्या दुसऱ्या लाटेत कोविड झाला. घरीच बरी झाली, ऑक्सिजनही लागला नाही. पण अंगातली ताकद तेव्हा गेली ती गेलीच. गंमत म्हणजे काम करताना फारसं काही होत नाही. बादलीभर कपडे वाळत घातले की दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवत नाही. पोळ्या ओट्याशी स्टूलवर बसून लाटते. रक्त, थायरॉइड, ईसीजी सगळं नॉर्मल, म्हणून एका डॉक्टरांनी 'रोज चालायला जा' सांगितलं. त्याने त्रास वाढलाच.

श्रमानंतर असं कोसळणं हे लाँग कोविडचं ओळखीचं लक्षण आहे. शिवाय उभं राहिल्यावर दहा मिनिटांत नाडी ३० ठोक्यांनी वाढून तशीच राहिली, तर 'पॉट्स' (उभं राहिलं की नाडी फार वाढण्याचा विकार) असू शकतं. ऑक्सिमीटरवर पाहिलं: आडवी असताना ७४, उभी असताना ११२.

याची नीट तपासणी पुण्यात कोण करतं, हृदयरोगतज्ज्ञ की न्यूरॉलॉजिस्ट? घट्ट मोजे आणि जास्त मीठ-पाणी यांनी कुणाला फरक पडलाय का? तिला बीपीची गोळी चालू आहे, म्हणून मीठ वाढवायची भीती वाटते. काढे कृपया सुचवू नका, सगळे पिऊन झालेत.