सगळ्याच ‘जेव्ही’ गिटारी सारख्या नाहीत
जुनी फेंडर गिटार घेताना, अनुक्रमांक ‘जेव्ही’ने सुरू होत असला की ती उत्तमच, असं म्हणतात, ते अर्धंच खरं. १९८२-८४च्या या फेंडर जपान गिटारी फुजिगेन या जपानी कंपनीच्या कारखान्यातल्याच, पण दर्जा वेगवेगळा. मॉडेलच्या नावातला शेवटचा आकडा म्हणजे हजार येनमध्ये तेव्हाची किंमत: एसटी६२-११५ (एसटी म्हणजे स्ट्रॅटोकास्टर) आणि एसटी६२-६५ यांत तिथेच फरक कळतो. ११५मध्ये नायट्रो लॅकर (नायट्रोसेल्युलोजचा पातळ लेप) आणि अमेरिकी पिकअप (तारांची कंपनं विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारे भाग). विक्रेत्याकडून पिकगार्ड (पुढची प्लास्टिकची पट्टी) उघडल्याचा फोटो मागाच. आत छोटे पॉट (आवाज-टोनच्या खुंट्यांखालचे भाग) दिसले तर ते बदलायचा खर्च धरा. मोठ्या पॉटसाठी भोकं वाढवावी लागतात. ब्रिजही (तारा अडकवलेला धातूचा भाग) मोजून घ्या. टोकाच्या दोन स्क्रूंमधलं अंतर जपानीत बहुधा ५२.५ मिमी, अमेरिकी विंटेजमध्ये ५६. न मोजता मागवलेला ब्रिज बसत नाही. (रंग उडालाय? तो सोडा, मानेवरच्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट बघा.)