मदत हवी आहे: शाळेच्या मुलांना देवराईत कसे न्यावे?

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या नानोडे बांबर इथल्या निरंकाराच्या राईत, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानात, सातवीची ४० मुले येणार आहेत, आणि त्यांना फिरवायचे काम माझ्याकडे आले आहे. राईत पायातले काढूनच जायचे, पान तोडायचे नाही, सुकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, हे आम्ही लहानपणापासून पाळतो. आत जायफळाच्या कुळातल्या झाडांची दलदल आहे. चिखलात हवा पोचत नाही, म्हणून मुळे गुडघ्यासारखी वाकून वर येतात. हात लावला की गार, ओलसर लागतात. हे मुलांनी बघायलाच हवे.

अडचण अशी, की ८० पाय एकदम चिखलात पडले तर खाली रुजलेली कोवळी रोपे तुडवली जातील. दहा-दहाचे गट पुरेत का? अनवाणी मुलांना जळवा लागल्या तर काय करता? मुले वेगवेगळ्या धर्मांची आहेत. आधी गाऱ्हाणे घालणारच, म्हणजे देवाला मोठ्याने विनवणी करणारच, तो गावचा रिवाज आहे. पण कुणाला परके वाटू नये म्हणून ते कसे समजावता?

ज्यांनी मुलांना देवराईत नेले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहा.