दिवसभर नुसती बसून असते, तरी संध्याकाळी एवढी गळून का जाते?

अर्धवट_प्रबंध:
एमएस्सीचं शेवटचं वर्ष. प्रबंध लिहितेय, म्हणजे निदान त्याच्यासमोर बसलेय तरी. परवा सहज फोनमधली पावलं बघितली. 612. दिवसभराची! खुर्चीच्या उशीला माझ्या मापाचा खड्डा पडलाय. उजवा पाय मांडीखाली घेऊन बसायची सवय, त्यामुळे उठले की पायाला मुंग्या, आणि दोन मिनिटं टेबल धरून उभी.

अंगमेहनत शून्य. मग संध्याकाळी मैत्रिणीचा 'कशी आहेस' एवढा मेसेज आला तरी उत्तर द्यायचं जिवावर का येतं? काल गाइडनी प्रकरण परत पाठवलं, पानापानावर लाल खुणा. मला वाईटसुद्धा वाटलं नाही. घाबरले ते त्याला. झोप सात तास होते. हिमोग्लोबिन, थायरॉईड तपासून झालं, ठीक आहे. याचा बसण्याशी काही संबंध आहे, की मी आळशी झालेय?

('व्यायाम कर' एवढंच सांगणार असाल तर ते आई रोज सांगते.)

निवांत_नाही:
मानसशास्त्र शिकवतो. 'वाईटसुद्धा वाटलं नाही' इथे मी थांबलो. ख्रिस्तिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी 1981मध्ये बर्नआउट, म्हणजे कामाने आतून पार रिकामं होणं, मोजायची प्रश्नावली मांडली, त्यातला पहिला भाग भावनिक थकव्याचा आहे. दुसरा, कामाबद्दल आणि माणसांबद्दल येणारा कोरडेपणा. तिसरा, 'आपल्याला जमत नाही' ही भावना. ही प्रश्नावली मूळ माणसांशी रोज संबंध येणाऱ्या नोकऱ्यांसाठी होती. विद्यार्थ्यांसाठीचं रूप 2002मध्ये आलं. आळस यात कुठेच बसत नाही. आळशी माणूस 612 पावलांचा हिशेब लिहीत बसत नाही हो.

बसण्याशी संबंध पाहणीत दिसतो, पण बऱ्याच पाहण्या एकदाच प्रश्न विचारून केलेल्या असतात. त्यामुळे बसून थकतो की थकलेला म्हणून बसतो, हे त्यातून सुटत नाही. माझ्या मते दोन्ही एकमेकांना ओढतात.

एक मात्र मनावर घ्या: कशातच रस नाही, काही वाटतच नाही, असं दोन आठवडे सलग चाललं असेल तर समुपदेशकाकडे जा. नैराश्यही असंच दिसतं, आणि त्याचा निवाडा इथे होणार नाही.

पोटरीवाला:
फिजिओ आहे, म्हणून आईच्या बाजूने बोलणार. 1953मध्ये जेरेमी मॉरिस यांनी लंडनच्या डबलडेकर बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर तुलनेला घेतले. बस तीच, पण हृदयविकार बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांना जास्त, जिने चढणाऱ्या कंडक्टरांना कमी. (पुढे असंही दिसलं की तरुण ड्रायव्हरांचेही गणवेश कंडक्टरांपेक्षा मोठ्या कंबरेचे होते, म्हणजे कदाचित ते आधीपासूनच जाड होते. म्हणजे इथेही अंडं आधी की कोंबडी!)

पोटरीचे स्नायू आवळले की पायातलं रक्त वर ढकललं जातं. तासन्‌तास बसलात की तो पंप बंद. शिवाय पाय मांडीखाली घेता तेव्हा मज्जातंतू दाबला जातो, मुंग्या त्याच्याच. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020च्या सूचनांत आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम हालचाल सांगितली आहे. बसण्याच्या तासांना मर्यादा घातलेली नाही, फक्त 'कमी करा' म्हटलंय. तेव्हा घड्याळ लावून धास्तावू नका. तासातून एकदा उठा, टाचा वीस वेळा वर-खाली करा.

अर्धवट_प्रबंध:
उठायचं कळतं हो. पण खरं सांगू? उठले तर परत बसणारच नाही, अशी भीती वाटते. म्हणून लघवी लागली तरी परिच्छेद संपेपर्यंत दाबून धरते. आणि तो परिच्छेद संपत नाही.

जुना_संशोधक:
अगं, हेच! मी पीएचडीला पाच वर्षं हेच केलं. परिच्छेद संपवून उठायचो, म्हणून परतल्यावर समोर कोरी जागा. मग मुद्दाम वाक्य अर्धवट सोडून उठायला लागलो, 'त्यामुळे तापमान वाढल्यावर' इथे. परत आलो की हात आपोआप पुढे जायचा. आणि एक विचारतो, रागावू नकोस: सहानंतर प्रबंध मिटल्यावर कुठे असतेस? मी त्याच खुर्चीत रील बघायचो. त्याला मी विश्रांती म्हणायचो.

अर्धवट_प्रबंध:
त्याच खुर्चीत. रीलच.

अर्धवट_प्रबंध: (नऊ दिवसांनी)
खुर्ची सहाला भिंतीकडे तोंड करून ठेवते. बालिश वाटतं, पण चाललंय. काल 2,870 पावलं. मरगळ गेलेली नाही; समुपदेशकाची वेळ मंगळवारची मिळाली आहे. मैत्रिणीला जिन्यात फेऱ्या मारता मारता फोन केला, धापा टाकत. ती म्हणाली, कुणी मागे लागलंय का तुझ्या? लाल खुणांपैकी निम्म्या वाचल्या. दोन ठिकाणी गाइडचा रागही आला. आता उठते, वाक्य अर्धवट सोडलंय.