मदत हवी आहे: ओएमपीए नसलेल्या ई. कोलायचा प्रयोग द्रवात कसा करू?

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या महाविद्यालयात मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. प्लाझमिड, म्हणजे जीवाणूच्या मुख्य गुणसूत्रापासून वेगळा असलेला छोटा डीएनए, एका जीवाणूतून दुसऱ्यात जातं, एवढं मुलं पाठ करतात. पण त्यात जीवाणूच्या स्वतःच्या जनुकांचाही हात असतो, हे त्यांना प्लेटवर दिसावं अशी माझी फार इच्छा आहे.

एफ हे दोन जीवाणूंची जोडी जुळवून पलीकडे जाणारं प्लाझमिड. ते घेणाऱ्या पेशीच्या बाह्यपटलात ओएमपीए प्रथिन नसेल, तर द्रवात जोडी टिकत नाही आणि प्लाझमिड फार कमी जातं. घट्ट पृष्ठभागावर मात्र हा फरक बराच मिटतो. म्हणजे फिल्टरवर केलं तर मुद्दाच हरवेल. अडचण अशी की भारनियमनात इनक्युबेटर बंद पडतो. थर्मासमध्ये ३७ अंशाचं पाणी घेऊन त्यात नळ्या तासभर न हलवता ठेवल्या तर चालेल का? कोणी केलंय?

दुसरं, पीसीएनबी जनुक बिघडलेला ई. कोलाय कुठे मिळेल? त्यात पीबीआर३२२ या प्लाझमिडच्या प्रती घटतात, कारण प्रतींना लगाम घालणारा आरएनए लवकर तुटत नाही. एकाच पेशीत दोन प्लाझमिड का नांदतात किंवा का नांदत नाहीत, हे समजवायला तिथूनच सुरुवात करायची आहे. विदर्भातल्या कोणाकडे असेल तर मी स्वतः घ्यायला येईन.