जुन्या आणि नव्या एमटीबीच्या (माउंटन बाईकच्या) जॉमेट्रीत, म्हणजे फ्रेमच्या कोनांत आणि मापांत, नक्की काय बदललंय?

टेकडीवाला:
माझी २६ इंची हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली) २००६ ची, हेड अँगल (हँडलखालच्या नळीचा जमिनीशी कोन) ७१ अंश, स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) १०० मिमी. परवा वेताळ टेकडीवर मित्राची नवी २९ इंची ट्रेल बाईक चालवली, हेड अँगल ६५. मुरूम सुटलेल्या उतारावर माझ्या सायकलवर दरवेळी पोटात गोळा येतो, त्याच्या सायकलवर ब्रेक जेमतेम धरून खाली आलो. पण चढावर हळू जाताना पुढचं चाक इकडेतिकडे पडत होतं. असं का? आणि माझ्याच सायकलला आखूड स्टेम लावला तर फरक पडेल का?

घाटवेडा:
हेड अँगल कमी म्हणजे फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) जास्त तिरका, पुढचं चाक तुझ्यापासून लांब. दगडावर चाक अडलं तरी तुझं वजन बरंच मागे असतं, त्यामुळे तोंडावर पडायची भीती कमी. शिवाय टायर जमिनीला टेकतो ती जागा स्टिअरिंगच्या रेषेच्या जास्त मागे जाते, त्याला ट्रेल म्हणतात, तो वाढला की वेगात हँडल सरळ राहतं. हळू जाताना मात्र हँडल जरा वळवलं की स्वतःच आणखी एका बाजूला पडतं. चढावर तुला तेच जाणवलं.

सातारकर:
स्टेमचं मी करून बघितलंय, १०० काढून ४५ लावला, हँडल चपळ झालं पण उभं राहून पेडल मारताना गुडघे हँडलला लागायला लागले. जुन्या फ्रेमचा रीचच (पेडलच्या धुरीपासून हँडलखालच्या नळीपर्यंतचं आडवं अंतर) आखूड रे. तेव्हा लांबी स्टेममध्ये असायची, आता फ्रेममध्ये आहे. नव्वदीच्या शेवटी गॅरी फिशर या अमेरिकन सायकल ब्रँडच्या जेनेसिस जॉमेट्रीत टॉप ट्यूब (फ्रेमची वरची नळी) लांब आणि स्टेम आखूड करायला सुरुवात झाली, पुढे २०१२-१३ च्या सुमारास स्पेनच्या मोंड्रेकर कंपनीनं तर १० मिमीच्या स्टेमपर्यंत मजल मारली. आणि दुकानवाले अजून सीट ट्यूबची (सीटखालच्या नळीची) उंची बघून साईझ देतात, मलाही तशीच दिली होती, फार राग येतो याचा. रीच मोज! सायकल सरळ उभी कर, दोऱ्याला नट बांधून हेड ट्यूबच्या (हँडलखालच्या नळीच्या) वरच्या टोकाच्या मध्यातून ओळंबा सोड, फरशीवर खूण कर, तसाच बीबीच्या (पेडलच्या धुरीच्या) मध्यातून सोड, दोन खुणांमधलं आडवं अंतर म्हणजे रीच.

घाटवेडा:
सीट अँगल (सीटखालच्या नळीचा जमिनीशी कोन) राहिला. आधी ७३ च्या आसपास असायचा, आता ७६ ते ७८. सीट पुढे आली की चढावर वजन पुढच्या चाकावर येतं आणि ते भरकटत नाही. मित्राची सीट रेल्सवर (सीटखालच्या दांड्यांवर) मागे ओढलेली होती का बघ.

कोकणी_चाक:
रोज टेकडी आणि गावातले कच्चे रस्ते एवढंच असेल तर हेड अँगल ६६-६७ पुरे आहे, उगाच ६४ च्या मागे लागू नकोस, सपाटीवर जड वाटतं.

टेकडीवाला:
मोजलं. माझा रीच ३९५ मिमी, मित्राच्या सायकलचा ४६०. त्याचा स्टेम ४५ चा, म्हणजे स्टेम धरून ४९५ आणि ५०५, हात जवळपास तिथेच आणि पुढचं चाक मात्र कितीतरी पुढे! आता कळलं. आणि हो, सीट रेल्सवर पार मागे होती, मित्र उंच आहे. रविवारी पुढे घेऊन तोच चढ परत मारतो.